पोस्टमागे कोण बोलतंय? जनसंपर्काच्या आचारसंहिता आणि सोशल मीडिया

नवीन उत्पादन बाजारात आलं की जनसंपर्काच्या, म्हणजे पीआरच्या, एजन्सीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो : ‘पोस्ट लाइव्ह झालीय. सगळ्यांनी लाइक करा, दोन ओळींची चांगली कमेंट टाका, शेअर करा.’ मेसेज टाकणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पहिल्या तासात पोस्ट वर यावी, एवढीच धडपड असते. पण जनसंपर्काच्या जवळजवळ प्रत्येक आचारसंहितेचा भंग या एका मेसेजने होतो. ‘मस्तच आहे, आजच घेतलं’ असं लिहिणाऱ्याचं पोट त्याच ब्रँडच्या कामावर चालतं, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

अमेरिकेतल्या रिव्हर्ब कम्युनिकेशन्स या पीआर एजन्सीचं प्रकरण याच जातीचं. तिच्याकडे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांचं काम होतं आणि बऱ्याचदा विक्रीतला टक्काही मिळत असे. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या, म्हणजे एफटीसीच्या, आरोपानुसार नोव्हेंबर २००८ ते मे २००९ या काळात एजन्सीतल्या लोकांनी आयट्यून्स स्टोअरवर साधे ग्राहक असल्यासारखे रिव्ह्यू लिहिले. २०१० मध्ये तडजोड झाली आणि ते रिव्ह्यू काढून टाकण्याचं बंधन एजन्सीवर आलं. त्यांनी गेमबद्दल लिहिलेलं खरं होतं की खोटं, हा प्रश्न तिथे गौण होता. लिहिणारा कोण आहे हे लपवलं होतं, हा मुद्दा होता.

सोशल मीडियावरच्या जनसंपर्काची नीती मला तरी याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते : बोलतंय कोण आणि कुणाच्या वतीने? बाकीचे नियम महत्त्वाचे आहेतच, पण तेही बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतात.

हा प्रश्न फेसबुकने जन्माला घातलेला नाही. अमेरिकेतल्या आधुनिक जनसंपर्काचे एक प्रवर्तक आयव्ही ली यांनी १९०६ मध्ये वृत्तपत्रांच्या संपादकांना तत्त्वांचं निवेदन पाठवलं, त्यात आमचं काम उघड्यावर चालतं आणि मजकूर कुणाच्या वतीने पाठवला आहे हे संपादकाने विचारलं तर पूर्ण माहिती देऊ, असं आश्वासन होतं. इंटरनॅशनल पब्लिक रिलेशन्स असोसिएशनने १९६१ मध्ये व्हेनिसची आणि १९६५ मध्ये अथेन्सची संहिता स्वीकारली. अथेन्सची संहिता मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार घेते आणि इतर कुठल्याही गरजेपोटी सत्याला दुय्यम स्थान देऊ नका, असं बजावते. पुढे २००७ ची ब्रसेल्सची संहिताही आली आणि २०११ मध्ये या तिन्ही मिळून एकच संहिता केली गेली. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ अमेरिका, म्हणजे पीआरएसए, हिची पहिली संहिता १९५० ची आणि सध्याचा ढाचा २००० सालचा. त्यात सहा मूल्यं आहेत : क्लायंटची बाजू मांडणं, प्रामाणिकपणा, व्यावसायिक कौशल्य, स्वतंत्र बुद्धी, निष्ठा आणि न्याय्य वागणूक.

या यादीत बाजू मांडणं आणि प्रामाणिकपणा शेजारीशेजारी आहेत, हे नीट पाहायला हवं. जनसंपर्काने तटस्थ राहावं, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. वकील अशिलाची बाजू मांडतो, तशी पीआरवाला क्लायंटची मांडतो. फक्त वकील कोणाचा आहे हे कोर्टात सगळ्यांना माहीत असतं. पोस्टखालच्या कमेंटमध्ये ते माहीत नसतं.

जुन्या पद्धतीत हे आपोआप सांभाळलं जायचं. प्रेसनोट लेटरहेडवर जायची, खाली संपर्कासाठी नाव असायचं, आणि वाचकापर्यंत पोचण्याआधी ती बातमीदाराच्या आणि संपादकाच्या हाताखालून जायची. संहिता लिहिणाऱ्यांनी ही दोन्ही गृहीत धरली होती. सोशल मीडियाने लेटरहेड काढून घेतलं आणि मधला संपादकही काढून घेतला. म्हणून जे पूर्वी कागदाच्या डोक्यावर छापलेलं असायचं, ते आता प्रत्येक पोस्टमध्ये, प्रत्येक कमेंटमध्ये मुद्दाम लिहावं लागतं. नेमकं तेच राहून जातं.

तोंडी प्रसिद्धीच्या क्षेत्रातल्या वोम्मा या संघटनेने प्रामाणिकपणाचे तीन भाग पाडले होते : नात्याचा, मताचा आणि ओळखीचा. म्हणजे मी कुणासाठी बोलतोय ते सांगायचं, जे खरोखर वाटतं तेच बोलायचं आणि मी कोण आहे ते लपवायचं नाही. इतकी सोपी आणि वापरता येण्याजोगी मांडणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तरीही २००६ मध्ये याच संघटनेची सदस्य असलेल्या एडलमन या एजन्सीच्या हातून वॉलमार्टच्या कामात चूक झाली. मोटारहोममधून अमेरिकाभर हिंडत वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये मुक्काम करणाऱ्या जोडप्याचा एक ब्लॉग सुरू झाला. प्रवासाचा खर्च वॉलमार्टच्या पाठीराख्या गटाकडून येत होता आणि तो गट एजन्सीच्या मदतीने उभा राहिला होता. ब्लॉग वाचणाऱ्याला हे पुरेसं कळत नव्हतं. प्रकरण उघड झाल्यावर रिचर्ड एडलमन यांनी जाहीर चूक कबूल केली. संहिता होती, सदस्यत्व होतं, हुशार माणसंही होती. ब्लॉगच्या पहिल्या पानावर ‘हा प्रवास अमुक यांच्या पैशाने चालला आहे’ ही एक ओळ मात्र नव्हती.

ती ओळ कुठे आणि कशी लिहायची, याचा तपशील आता बराच ठरला आहे. पैसे, मोफत वस्तू, सवलत, प्रवास, नोकरी, भागीदारी, घरचं नातं यांपैकी काहीही असेल तर तो संबंध उघड करायचा. वस्तू परत द्यायची असली, तरी ती वापरायला मिळाली हे सांगायचं. जागा महत्त्वाची : कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत, ‘आणखी वाचा’ दाबायच्या आधी. वीस हॅशटॅगच्या गर्दीत सतराव्या नंबरवर लिहिलेलं ‘जाहिरात’ हे न लिहिल्यासारखंच आहे. प्रोफाइलच्या परिचयात लिहिलेलंही पुरत नाही, कारण पोस्ट फिरत फिरत ज्याच्यासमोर जाते तो प्रोफाइल उघडून पाहत नाही. शब्द सरळ हवा. ‘जाहिरात’, ‘सशुल्क भागीदारी’, ‘अमुक कंपनीकडून मोफत मिळालं’ हे चालतं. ‘स्पॉन’, ‘कोलॅब’ अशी तुटकी रूपं किंवा नुसतं ‘धन्यवाद अमुक’ चालत नाही. मजकूर मराठीत असेल तर खुलासाही मराठीतच हवा. एफटीसीच्या मार्गदर्शनातही पोस्टची भाषा तीच खुलाशाची भाषा, असं सांगितलेलं आहे. व्हिडिओत बोलूनही सांगायचं आणि पडद्यावरही दाखवायचं, कारण कुणी आवाज बंद ठेवून पाहतं, कुणी पडद्याकडे न बघता ऐकतं. लाइव्हमध्ये अधूनमधून पुन्हा सांगायचं, कारण लोक मधूनच येतात.

काही ठिकाणी सेकंदांचाही हिशेब आहे. भारतातल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२१ मध्ये काढलेल्या नियमांत १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर लेबल निदान ३ सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओवर एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत ब्रँडबद्दलचा भाग चालू असेपर्यंत दिसलं पाहिजे, असं ठरवलं आहे. अशी मोजमापं मला आवडतात. ‘लेबल ठळक असावं’ या वाक्यावर डिझायनर आणि क्लायंट तासभर वाद घालू शकतात. ‘तीन सेकंद’ म्हटलं की वाद मिटतो. प्लॅटफॉर्मचं स्वतःचं ‘पेड पार्टनरशिप’ लेबल असेल तर ते लावायचंच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. ते बारीक अक्षरांत असतं आणि पोस्ट दुसरीकडे एम्बेड झाली की कधीकधी गळून पडतं.

इथली चूक बहुतेक वेळा इन्फ्लुएन्सरची मानली जाते. मला ती ब्रीफची, म्हणजे काम देताना त्याच्या हातात दिलेल्या सूचनांच्या कागदाची, वाटते. लॉर्ड अँड टेलर या अमेरिकन कपड्यांच्या दुकानसाखळीने २०१५ मध्ये ५० इन्फ्लुएन्सरना एकच ड्रेस दिला, त्यांना पैसेही दिले आणि ठरलेल्या दिवसांत इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला सांगितलं. कंपनीचं हँडल आणि मोहिमेचा हॅशटॅग कॅप्शनमध्ये हवाच, असं करारात होतं. पोस्ट आधी कंपनीकडून मंजूर होत होत्या. पैसे मिळालेत हे लिहायचं, अशी अट मात्र नव्हती आणि मंजुरीच्या वेळीही कुणी ते घातलं नाही. २०१६ मध्ये एफटीसीने कंपनीला जबाबदार धरलं. म्हणजे पन्नास जणांनी एकच चूक केली ती निष्काळजीपणामुळे नाही, त्यांच्या हातात दिलेल्या कागदात ती ओळच नव्हती म्हणून. तेव्हा ब्रीफमध्ये खुलाशाचं तयार वाक्य जसंच्या तसं द्या, त्याची जागा सांगा, आणि खुलासा नसेल तर मानधनाचं बिल मंजूर होणार नाही हे लिहा. पोस्ट पडल्यावर तासाभरात उघडून पाहा, स्क्रीनशॉट ठेवा. स्टोरी २४ तासांत जाते, तिचा पुरावा त्याच दिवशी घ्यावा लागतो.

मोफत वस्तू पाठवण्याची गोष्ट जरा वेगळी. पीआरएसएच्या संहितेत अयोग्य वर्तनाचं उदाहरण म्हणून स्की बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी क्रीडा मासिकाच्या स्तंभलेखकाला महागड्या स्की भेट देतो, असं दिलं आहे. तिथला मुद्दा लेखावर प्रभाव टाकण्याचा आहे. आज तेच पार्सल इन्फ्लुएन्सरच्या दारात जातं आणि त्याला ‘सीडिंग’ म्हणतात. पार्सलसोबत ‘आवडलं तरच लिहा, न आवडलं तर तेही लिहा, आणि वस्तू आमच्याकडून मिळाली हे नक्की लिहा’ अशी चिठ्ठी जायला हवी. चांगलं लिहिण्याच्या अटीवर वस्तू दिली तर ती वस्तू राहत नाही, मोबदला होतो.

कर्मचाऱ्यांकडे परत येऊ. त्यांना गप्प बसवणं हा उपाय नाही. आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस बोलणारच. नियम एवढाच ठेवावा : कंपनीबद्दल, क्लायंटबद्दल किंवा प्रतिस्पर्ध्याबद्दल लिहिताना त्याच कमेंटमध्ये ‘मी इथे काम करतो’ हे आधी लिहायचं. प्रतिस्पर्धी हा शब्द लोक विसरतात. दुसऱ्या कंपनीच्या पेजवर जाऊन ‘तुमची सर्व्हिस बेकार आहे’ लिहिणं हा आपल्या ब्रँडला चांगलं म्हणण्याइतकाच मोठा भंग आहे. रिव्ह्यू लिहायच्या जागेवर तर क्लायंटच्या उत्पादनाबद्दल लिहूच नये, खुलाशासकटही नाही. तारांकित सरासरीत खुलासा दिसत नाही, आकडा तेवढा वाढतो. विकत घेतलेले फॉलोअर आणि लाइक हे तर सरळ खोटं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने खोटे रिव्ह्यू आणि बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खोट्या खात्यांनी, फुगवलेले फॉलोअर विकणं-घेणं दोन्ही दंडास पात्र ठरवलं आहे.

क्लायंटचंच नाव लपवण्याचा प्रकार सर्वांत घातक. २०११ मध्ये बर्सन-मार्स्टेलर या एजन्सीने गूगलच्या एका सोयीमुळे लोकांच्या खासगीपणाला धोका आहे, अशा बातम्या याव्यात म्हणून पत्रकारांना आणि ब्लॉगरना गाठलं. एका ब्लॉगरने विचारलं, तुम्हाला पैसे कोण देतंय? उत्तर मिळालं नाही. त्याने सगळा ई-मेल व्यवहार जसाच्या तसा नेटवर टाकला. क्लायंट फेसबुक निघाला. एजन्सीला नंतर मान्य करावं लागलं, की नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर हे काम घ्यायलाच नको होतं. आयव्ही ली यांनी संपादकांना दिलेलं आश्वासन एकशे पाच वर्षांनी एका ब्लॉगरने मागितलं आणि ते नाकारलं गेलं. गुप्ततेचं कलम एजन्सीच्या प्रत्येक करारात असतं, पण क्लायंटचे धंद्याचे बेत गुप्त ठेवणं आणि क्लायंट कोण हेच गुप्त ठेवून त्याच्यासाठी लोकमत घडवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली निष्ठा आहे. दुसरीला कुठलीच संहिता मान्यता देत नाही.

क्लायंटकडच्या साहेबांचं, म्हणजे प्रमुखाचं किंवा नेत्याचं, हँडल टीमने चालवणं मात्र मला गैर वाटत नाही, भाषणंही दुसरेच लिहून देतात. पण मर्यादा आहेत. मत साहेबांचं हवं आणि मजकूर त्यांनी पाहिलेला हवा. वैयक्तिक दुःख, आजारपण, श्रद्धांजली असले मजकूर टीमने साहेबांच्या नावाने रचू नयेत. खासगी मेसेजला साहेब असल्याची बतावणी करून उत्तर देणं तर पूर्ण वर्ज्य. यावर साधी युक्ती आहे. बराक ओबामा यांचं ट्विटर हँडल २०११ मध्ये प्रचाराची टीम चालवू लागली, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेल्या ट्वीटच्या शेवटी ‘बीओ’ ही आद्याक्षरं येऊ लागली. परिचयात ‘हे खातं टीम चालवते’ असं लिहिलं आणि स्वतःच्या पोस्टवर सही केली, की कुणाची फसवणूक होत नाही. ग्राहक सेवेच्या हँडलवरही उत्तर देणाऱ्याची आद्याक्षरं असावीत, आणि उत्तर यंत्र देत असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांगावं. २०२३ मध्ये एजन्सींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयसीसीओने, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वॉर्सा तत्त्वं मांडली, त्यातही पारदर्शकता आणि खुलाशावर भर आहे. एआयने बनवलेला फोटो खऱ्या प्रसंगाचा म्हणून देऊ नये, आणि एआयने लिहिलेली ‘ग्राहकाची प्रतिक्रिया’ ही प्रतिक्रियाच नव्हे.

आता कमेंट काढण्याबद्दल. पेजवर टीकेचा पाऊस सुरू झाला की पहिला हात ‘डिलीट’कडे जातो. शिवीगाळ, धमकी, कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता, द्वेषाचा मजकूर, स्पॅम हे काढावंच. निव्वळ टीका, तिखट असली तरी, काढू नये. ही यादी आधीच पेजवर जाहीर असायला हवी. वाद पेटल्यावर केलेला नियम कुणाला पटत नाही. ‘हाइड’ हा पर्याय सौम्य वाटतो, पण मला तो डिलीटपेक्षा वाईट वाटतो. फेसबुकवर लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना नाही. म्हणजे आपलं म्हणणं जगासमोर आहे अशा समजुतीत त्या माणसाला ठेवायचं. शिव्यांसाठी ते ठीक, तक्रारीसाठी नाही. काढलेल्या प्रत्येक कमेंटचा स्क्रीनशॉट, वेळ, कारण आणि काढणाऱ्याचं नाव एका शीटमध्ये नोंदवावं. आणि डिलीटचा अधिकार ज्याच्यावर टीका झाली आहे त्याच्या हातात कधीही ठेवू नये.

स्वतःची चूक निस्तरणं हा याचाच पुढचा भाग. आपल्याकडून गेलेली चुकीची माहिती तातडीने दुरुस्त करणं पीआरएसएच्या संहितेत कर्तव्य म्हणूनच आलं आहे. पोस्ट गुपचूप उडवली की स्क्रीनशॉट फिरतात आणि ‘लपवलं’ हा नवा आरोप चिकटतो. शुद्धलेखन दुरुस्त करायला खुलासा लागत नाही. आकडा, नाव, दावा चुकला असेल तर त्याच पोस्टच्या सुरुवातीला ‘दुरुस्ती’ लिहून काय चुकलं होतं आणि बरोबर काय, ते सांगावं. जिथे चूक चित्रातच आहे, तिथे कॅप्शन बदलून भागत नाही, कारण चित्र एकटंच पुढे जातं; ती पोस्ट काढावी आणि नव्या पोस्टमध्ये का काढली ते लिहावं. ज्यांनी जुनी पोस्ट शेअर केली त्या मोठ्या खात्यांना वेगळा निरोप द्यावा. याला वेळ लागतो आणि क्लायंट नाखूश होतो. तरीही करावं.

विकिपीडिया हा सोशल मीडिया मानला जात नाही, पण क्लायंटचा आग्रह तिथेही असतोच. जून २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या वापराच्या अटींनुसार पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने मालक, क्लायंट आणि संबंध उघड करणं सक्तीचं आहे. सुरक्षित वाट एकच : लेखाला हात न लावता चर्चा पानावर खुलासा करून, संदर्भ देऊन बदलाची विनंती ठेवायची.

गुप्तता बहुतेक वेळा हेतूने नाही, फोटोच्या पार्श्वभूमीतून फुटते. मागच्या फळ्यावर लाँचची तारीख, स्क्रीनशॉटच्या वर उघडलेला टॅब, क्लायंटच्या कारखान्यातून टाकलेलं लोकेशन, दोन कंपन्यांचे अधिकारी एकाच आठवड्यात लिंक्डइनवर जोडले जाणं. पोस्ट करण्याआधी फोटो मोठा करून चारही कोपरे पाहावेत.

आणि या संहितांना दात किती? थोडेच. पीआरएसएच्या २००० च्या संहितेने शिक्षेपेक्षा शिक्षणावर भर दिला, आणि कारवाई झालीच तरी ती सदस्यांपुरती. ब्रिटनच्या पीआरसीए या जनसंपर्क संघटनेने सप्टेंबर २०१७ मध्ये बेल पॉटिंगर या एजन्सीला दक्षिण आफ्रिकेतल्या वांशिक तेढ वाढवणाऱ्या मोहिमेबद्दल बाहेर काढलं आणि काही दिवसांत ती एजन्सी कोसळली, पण असं क्वचित घडतं. म्हणून संहितेचं खरं बळ करारात आणावं लागतं. करारात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : खुलासा नसलेली मोहीम एजन्सी करणार नाही, विचारल्यास क्लायंटचं नाव सांगेल, संहितेविरुद्ध सूचना आल्यास काम थांबवेल आणि तोवरचं मानधन घेईल, आणि उपकंत्राटदारांनाही हीच बंधनं लागू राहतील. चौथी सोडली तर पहिल्या तीन वाया जातात. रिव्ह्यू विकत घेणं, बॉट लावणं हे बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचा पुरवठादार करतो आणि वरच्याला रिपोर्टमध्ये फक्त वाढलेला आकडा दिसतो. त्याच्याकडून आकड्यासोबत खात्यांची यादी मागावी आणि त्यातली वीस-पंचवीस खाती कुठलीही निवडून स्वतः उघडून पाहावीत. प्रोफाइल फोटो नाही, पोस्ट नाहीत, सगळी एकाच आठवड्यात उघडलेली, असं दिसलं तर त्याचं बिल थांबवून क्लायंटला त्याच दिवशी लेखी कळवावं.

करार संपतानाही एक काम उरतं. पेजचे अ‍ॅडमिन अधिकार परत द्यायचे, पासवर्ड बदलायला लावायचे, शेड्यूल करून ठेवलेल्या पोस्ट काढायच्या. इनबॉक्समध्ये ग्राहकांनी विश्वासाने पाठवलेली बिलं, पत्ते, आजारांची वर्णनं पडलेली असतात. त्यांच्या प्रती एजन्सीच्या लॅपटॉपवर, टीमच्या ग्रुपवर, कुणाच्या फोनच्या गॅलरीत उतरलेल्या असतात. त्या कुठे कुठे आहेत याची यादी करून, मुदत ठरवून, पुसल्याचं लेखी कळवायचं. ज्या माणसाने मेसेज पाठवला त्याने तो ब्रँडला पाठवला होता. मध्ये एजन्सी आहे, हे त्याला आजही माहीत नसतं.